इंग्रजी बोलींतील वाक्प्रचार : अर्थ आणि औचित्य

‘त्याच्या अगदीं नाकीं नऊ आले’ हें वाक्य मराठी घरांतील सात वर्षांचें मूलहि सहज समजतें. परंतु व्याकरण आणि शब्दार्थ यांच्या बळावर मराठी शिकलेला एखादा परदेशी गृहस्थ तें ऐकेल, तर त्याची काय अवस्था होईल? ‘नाक’ त्याला ठाऊक आहे, ‘नऊ’ हा आंकडा ठाऊक आहे, ‘येणें’ या क्रियापदाचीं सर्व रूपें त्यानें तोंडपाठ केलेलीं आहेत. तरीहि नाकाशीं नवाचा संबंध काय, हें त्याला उमगत नाहीं. शरीराच्या नऊ द्वारांतले प्राण नाकाशीं गोळा होणें, असा या वाक्प्रचाराचा एक उलगडा करतात. पण बोलणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं ना द्वारें असतात, ना प्राण. त्याला एवढेंच सांगावयाचें असतें कीं, तो मनुष्य फार हैराण झाला.

हीच अवस्था इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींत बसलेल्या मराठी मनुष्याची होते. शाळेंत त्यानें इंग्रजी व्याकरणाचे नियम घोकलेले असतात. महाविद्यालयांत शेक्सपियर आणि मिल्टन वाचलेले असतात. त्याच्या अर्जांत शोधूनहि चूक सांपडत नाहीं. आणि मग विलायतेच्या एखाद्या कचेरींत, कामास विलंब झाला म्हणून तो जरा आवाज चढवतो, तेव्हां समोरचा इंग्रज त्याला म्हणतो, ‘कीप युअर शर्ट ऑन.’ शब्दशः पाहिलें तर, ‘सदरा अंगावरच राहूं द्या’! बिचारा गोंधळून आपल्या सदऱ्याच्या गुंड्या चांचपूं लागतो. वास्तविक त्याला सांगितलेलें असतें तें इतकेंच, कीं जरा धीर धरा, रागावूं नका. व्याकरण आणि कोश दोन्ही पाठीशीं असतांना माणूस जेथें एकटा पडतो, असा भाषेचा हा प्रांत आहे.

या प्रांताची ओळख संस्कृत साहित्यशास्त्राला फार पूर्वींपासून होती. शब्दाच्या तीन शक्ति त्या शास्त्रानें मानल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. मूळ अर्थ बाजूला सारून त्याच्याशीं संबद्ध असा दुसरा अर्थ जेव्हां पुढें येतो, तेव्हां ती लक्षणा. ही लक्षणा कधीं कांहीं विशेष प्रयोजनानें केलेली असते, तर कधीं निव्वळ रूढीनें चालत आलेली असते. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त रूढीचें उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला आहे. कुश म्हणजे दर्भ. तो तोडून आणणारा तो कुशल. दर्भाचीं पातीं धारदार असतात आणि हात कापूं न देतां तीं तोडावयाचीं तर चातुर्य लागतें. कालांतरानें दर्भ विसरला गेला आणि चातुर्य तेवढें उरलें. इंग्रजी वाक्प्रचारांचें रहस्य हेंच आहे. फरक इतकाच कीं, तेथें एका शब्दाऐवजीं तीन-चार शब्दांची सबंध मोळी रूढीच्या दोरीनें आवळलेली असते. ती सोडून एकेक काडी पाहूं लागलें कीं अर्थ निसटून जातो.

इंग्रज विद्वानांनीं या विषयाकडे पुष्कळ लक्ष दिलें आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांचा ‘वर्ड्स अँड इडियम्स’ हा ग्रंथ १९२५ सालीं निघाला. फाउलर यांचा इंग्रजीच्या वापराविषयींचा प्रसिद्ध कोश १९२६ चा. एरिक पार्ट्रिज यांचा गांवठी व अशिष्ट इंग्रजीचा मोठा कोश १९३७ चा. परंतु कोशांत मिळतो तो अर्थ. आणि परभाषेंतील वाक्प्रचार वापरावयाचा तर केवळ अर्थ कळून भागत नाहीं. शिकणाऱ्यानें प्रत्येक वाक्प्रचाराला तीन प्रश्न विचारावे लागतात. याचा अर्थ काय? याचें रूप किती पक्कें आहे? आणि हा कोणीं, कोणापुढें, कोणत्या प्रसंगीं बोलावयाचा?

पहिला प्रश्न अर्थाचा. येथें सर्वांत मोठा धोका अनोळखी वाक्प्रचारांचा नसून ओळखीचा चेहरा घेऊन येणाऱ्यांचा आहे. जें मुळींच कळत नाहीं तें माणूस विचारून घेतो. पण जें कळलें असें वाटतें तेथेंच तो फसतो. ‘टु पुल समवन्स लेग’ हा प्रयोग घ्यावा. इंग्रजींत एखाद्याचा पाय ओढणें म्हणजे खोटेंच कांहींतरी खऱ्याचा आव आणून सांगणें आणि त्याची गोड थट्टा करणें. मराठींत पाय ओढणें म्हणजे वर चढत असलेल्याला मत्सरानें खालीं खेंचणें. पहिल्यांत स्नेह आहे, दुसऱ्यांत वैर आहे. इंग्रज सहकारी हंसत हंसत म्हणतो कीं, आपण केवळ तुमचा पाय ओढीत होतों. आणि ऐकणारा मराठी मनुष्य मनांत म्हणतो, चला, यानें निदान कबूल तरी केलें! अशा रीतीनें एका निरुपद्रवी विनोदाची आढी वर्षानुवर्षें मनांत राहूं शकते.

दुसरें उदाहरण हात धुण्याचें. ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ इट’ म्हणजे एखाद्या प्रकरणाची जबाबदारी झटकून टाकणें. या प्रयोगाच्या मागें बायबलांतील एक करुण प्रसंग आहे. येशूला वधासाठीं हवालीं करतांना रोमन सुभेदार पाँटियस पायलेट यानें जमावासमोर पाणी मागवून हात धुतले आणि या रक्ताचा दोष आपल्याकडे नाहीं असें जाहीर केलें, अशी कथा मॅथ्यूच्या शुभवर्तमानांत आली आहे. मराठींत मात्र ‘हात धुऊन मागें लागणें’ म्हणजे एखाद्याचा पिच्छा न सोडणें. हात तेच, पाणीहि तेंच. पण एकानें प्रकरण सोडलें आणि दुसऱ्यानें तें घट्ट धरलें! तिसरें उदाहरण वेळेचें. ‘किलिंग टाइम’ म्हणजे रिकामा वेळ कसातरी घालवणें. मराठींत ‘वेळ मारून नेणें’ म्हणजे अडचणीच्या प्रसंगीं कांहींतरी थातुरमातुर बोलून त्यांतून निसटणें. आगगाडीची वाट पाहत फलाटावर वर्तमानपत्र चाळणारा इंग्रज वेळेला मारतो. घेणेकरी दारांत उभा असतां ‘उद्यां नक्की देतों’ म्हणणारा मराठी गृहस्थ वेळ मारून नेतो. दोघांच्या स्थितींत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

प्राण्यांच्या बाबतींतहि हाच घोटाळा होतो. परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधीं इंग्रजाच्या पोटांत फुलपांखरें भिरभिरतात. त्याला भीति व अधीरता वाटत असते. मराठी माणसाच्या पोटांत कावळे ओरडतात, तेव्हां त्याला भूक लागलेली असते. भीतीनें त्याच्या पोटांत येतो तो गोळा. एकाच्या फुलपांखरांवर दुसऱ्यानें जेवणाचें ताट पुढें केलें, तर दोष कोणाचा? उलट कांहीं ठिकाणीं दोन्ही भाषा खरोखरच एक बोलतात. उंदरांच्या सभेची गोष्ट दोन्हीकडे प्रसिद्ध असल्यामुळें मांजराच्या गळ्यांत घंटा बांधण्याचा प्रश्न मराठींतहि तोच आहे आणि इंग्रजींतहि तोच. असे खरे मित्र अधूनमधून भेटतात, म्हणूनच खोट्या मित्रांवर विश्वास बसतो.

दुसरा प्रश्न रूपाचा. वाक्प्रचाराचे शब्द बदलूं लागलें कीं त्याचा प्राण जातो. मराठींत नाकीं नऊच येतात, आठ किंवा दहा येत नाहींत; एखाद्या धंद्याचे बारा वाजतात, सव्वाबारा वाजत नाहींत. इंग्रजींत ‘किक द बकेट’, म्हणजे बादलीला लाथ मारणें, याचा अर्थ मरणें. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अशिष्ट इंग्रजीच्या कोशांत हा प्रयोग याच अर्थानें नोंदलेला आहे. येथें ‘बकेट’च्या जागीं त्याच अर्थाचा ‘पेल’ हा शब्द घातला, तर खरोखरीची बादली लवंडते, माणूस मरत नाहीं. ‘त्याच्याकडून बादली लाथाडली गेली’ अशी कर्मणि रचना केली, तरी तोच प्रकार. परंतु ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे घेवड्याच्या बिया सांडणें, अर्थात् गुपित फोडणें, याची रचना मात्र कर्मणि करतां येते. ‘बिया सांडल्या गेल्या’ म्हटलें तरी गुपित फुटलें असाच अर्थ होतो. याचें कारण उघड आहे. बियांच्या जागीं गुपित आणि सांडण्याच्या जागीं फोडणें, अशी जोडी तेथें मनांतल्या मनांत लावतां येते. बादलीच्या जागीं मात्र कांहींच ठेवतां येत नाहीं. तेथें तिन्ही शब्द मिळून एकच क्रियापद झालेलें आहे.

एवढ्या तेवढ्या अव्ययानेंहि अर्थ कसा पालटतो, हें ‘फूट’ म्हणजे पाऊल या शब्दावरून दिसतें. ‘टु पुट वन्स फूट डाउन’ म्हणजे ठाम राहणें, हट्टानें नकार देणें. ‘टु पुट वन्स फूट इन इट’ म्हणजे नको तें बोलून घोटाळा करून बसणें. एकांत करारीपणा आहे, दुसऱ्यांत फजिती; आणि मध्यें अंतर आहे तें एका चिमुकल्या अव्ययाचें. बापानें मुलाच्या उधळेपणाला ठाम विरोध केला असें सांगावयाचें असतां चुकीचें अव्यय पडलें, तर फजितीचा धनी बापच ठरतो! वचनाचेंहि तेंच. थट्टा करतांना इंग्रज एकच पाय ओढतो. भारतांत पुष्कळदां ‘पुलिंग माय लेग्ज’ असें अनेकवचन ऐकूं येतें. तें ऐकतांना इंग्रजाच्या डोळ्यांपुढें थट्टेऐवजीं कोणी कोणाला दोन्ही पाय धरून फरफटत नेत असल्याचें चित्र उभें राहतें.

तिसरा प्रश्न औचित्याचा, आणि तोच सर्वांत नाजूक आहे. ‘किक द बकेट’चा अर्थ कोशांत ‘मरणें’ असा दिलेला असतो आणि तो बरोबरहि असतो. पण मराठींत मरण्यासाठीं किती शब्द आहेत! कोणी कैलासवासी होतो, कोणाचें निधन होतें, कोणी कालवश होतो, कोणी दगावतो, कोणी खपतो आणि कोणी गचकतो. घटना एकच, पण ‘आपले तीर्थरूप गचकल्याचें कळून फार वाईट वाटलें’ असें सांत्वनाचें पत्र कोणी लिहील काय? इंग्रज वरिष्ठाच्या वडिलांच्या मृत्यूनंतर त्याला लिहिलेल्या पत्रांत बादलीचा प्रयोग करणें म्हणजे नेमकें हेंच आहे. लिहिणाराचा हेतु शुद्ध असतो, त्याला खरोखरच दुःख झालेलें असतें, कोशहि त्याच्या बाजूचा असतो. आणि तरीहि वाचणाऱ्याच्या जखमेवर मीठ पडतें. अशा वेळीं ‘पास अवे’ हा साधा, सौम्य शब्दच योग्य होय. व्याकरणाची चूक परकीयाला क्षम्य असते, कारण ती चूक म्हणून ओळखूं येते. औचित्याची चूक मात्र स्वभावाचा दोष समजली जाते. उत्तम इंग्रजी बोलणारा हा मनुष्य इतका निष्ठुर कसा, असेंच ऐकणाऱ्यास वाटतें.

औचित्याला काळाचेंहि बंधन असतें. मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मांजरें आणि कुत्रीं पडणें असें म्हणावें, हें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शाळेंत शिकवीत आले आहेत. हा प्रयोग जॉनथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या ‘पोलाइट कॉन्व्हर्सेशन’ या पुस्तकांत आढळतो. गंमत अशी कीं, तें पुस्तक मुळीं उपहासाचें आहे. उच्चभ्रू मंडळी आपापसांत तेंच तेंच झिजलेलें भाषण कशीं करीत असतात, याची स्विफ्टनें त्यांत टर उडवली आहे. म्हणजे ज्या प्रयोगाला जवळजवळ तीन शतकांपूर्वीं एका महान् गद्यकारानें झिजलेलें नाणें ठरवलें, तोच नवा कोरा रुपया म्हणून मुलांच्या हातीं दिला जातो. इंग्लंडांत आज साधा माणूस पाऊस कोसळूं लागला तर ‘इट्स पोअरिंग’ एवढेंच म्हणतो. झिजलेल्या प्रयोगांविषयीं जॉर्ज ऑर्वेल यानेंहि १९४६ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत बजावलें आहे. बिहारांत मोतीहारी येथें १९०३ सालीं जन्मलेल्या या लेखकानें दाखवून दिलें कीं, ‘टो द लाइन’ म्हणजे आंखलेल्या रेघेला पायाचा अंगठा लावून शिस्तींत उभें राहणें, हा प्रयोग कित्येक लोक असा लिहितात कीं त्याचा अर्थ ‘दोर ओढणें’ असा होतो. उच्चार सारखाच, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें चित्रच उरलेलें नसतें. चित्र मनांतून पुसलें गेलें कीं लेखणी अशीच भरकटते.

येथपर्यंतचे घोटाळे हंसण्यावारीं नेण्यासारखे आहेत. पण कधीं कधीं वाक्प्रचाराची किंमत याहून फार जबर द्यावी लागते. एप्रिल १९५१ मधील कोरियाच्या युद्धांतील गोष्ट आहे. इमजिन नदीच्या कांठीं ब्रिटिशांची २९ वी ब्रिगेड अमेरिकन सेनापतीच्या हुकमतीखालीं लढत होती. २२ एप्रिलच्या रात्रीं चिनी फौजांनीं प्रचंड संख्येनें हल्ला चढवला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन एका डोंगरावर वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनीं अमेरिकन जनरल रॉबर्ट सूल यांना परिस्थिति कळवली, ती ‘अ बिट स्टिकी’ या शब्दांत, असें या लढाईच्या हकीकतींत सांगतात. ‘स्टिकी’ म्हणजे चिकट. ‘अ बिट’ म्हणजे थोडेंसें. जनरल सूल यांना वाटलें कीं, काम जरा अवघड आहे, पण चाललें आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडीं मात्र त्याच शब्दांचा अर्थ होता कीं, आतां सर्वनाश समोर उभा आहे.

संकट जितकें मोठें तितके शब्द लहान करावयाचे, ही ब्रिटिश शिष्टाचाराची जुनी रीत आहे. दुसरा ब्रिटिश अधिकारी त्या ‘थोड्याशा’ शब्दाला मनांतल्या मनांत शंभरानें गुणतो. अमेरिकन श्रोता तो आहे तसाच घेतो. क्रिकेटच्या ‘स्टिकी विकेट’शींहि या शब्दाचें नातें आहे. पावसानें भिजलेली आणि वर ऊन पडून वाळत चाललेली ती खेळपट्टी! चेंडू केव्हां उसळेल आणि केव्हां खालीं राहील याचा तिच्यावर भरंवसा नसे, आणि भलेभले फलंदाज तेथें हतबल होत. आतां खेळपट्ट्या झांकून ठेवतात, त्यामुळें ती दृष्टीस पडत नाहीं. वाक्प्रचार मात्र उरला आहे. मुंबईच्या क्रिकेटवेड्या माणसाला कदाचित् ब्रिगेडियरचा आशय कळला असता. बेसबॉल खेळत वाढलेल्या अमेरिकन मनुष्याला तो कळणें कठीण होतें. २५ एप्रिलपर्यंत त्या डोंगरावरील बहुतेक सैनिक मारले गेले किंवा शत्रूच्या हातीं सांपडले. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्न यांना पुढें व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यापूर्वीं त्यांना दीर्घकाळ बंदिवास भोगावा लागला. दोन शब्दांमुळेंच बटालियन बुडाली, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; शत्रूची संख्याच तेवढी मोठी होती. परंतु मदतीची हांक ज्या भाषेंत दिली ती भाषा ऐकणाऱ्याला हांकेसारखी वाटलीच नाहीं, हें नाकारतां येत नाहीं.

एकच भाषा बोलणाऱ्या दोन राष्ट्रांत असे प्रसंग पूर्वींहि घडले होते. विन्स्टन चर्चिल यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासांत एक हकीकत दिली आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं एक निकडीचा कागद तयार करून अमेरिकन सहकाऱ्यांना कळवलें कीं, तो ‘टेबल’ करावयाचा आहे. ब्रिटिशांच्या बोलण्यांत याचा अर्थ तांबडतोब चर्चेस घेणें. अमेरिकनांच्या बोलण्यांत, तो बाजूला टाकून देणें. दोन्ही पक्षांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि शेवटीं उलगडलें कीं, दोघांनाहि एकच गोष्ट हवी होती! जेथें मातृभाषिकांची ही गत, तेथें परकीयानें विशेष सावध रहावें यांत नवल नाहीं.

अर्थाइतकीच उत्पत्तीविषयींहि सावधगिरी हवी. वाक्प्रचाराच्या मागें एखादी सुरस गोष्ट जोडून देण्याची लोकांना हौस असते. कुत्र्यामांजरांच्या पावसाविषयीं असें सांगतात कीं, जुन्या काळीं गवतानें शाकारलेल्या छपरांवर हे प्राणी निजत आणि पाऊस आला कीं घसरून खालीं पडत. या गोष्टीला पुराव्याचा आधार नाहीं. पावसांत उघड्या छपरावर निजावयास मांजर इतकें वेडें नसतें. खऱ्या उत्पत्ति पुष्कळदां यापेक्षां साध्या, आणि कधीं कधीं यापेक्षांहि नवलाच्या असतात. ब्रिटिश सोल्जरांच्या मुखानें विलायतेस पोंचलेले हिंदुस्थानी शब्दच पहावेत. ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा पहा; हा ‘डेको’ म्हणजे हिंदुस्थानीचा ‘देखो’. ‘कुशी जॉब’ म्हणजे आरामाची नोकरी. त्याच्या मुळाशीं बहुतेक कोशकार ‘खूश’ हा शब्द पाहतात. ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश इंग्लंड. हा ‘विलायती’चा अपभ्रंश. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील सैनिक ‘ब्लायटी वन’ची आशा करीत, जीव जाणार नाहीं, पण घरीं पाठवावेंच लागेल, अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी वन’! यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत ‘द चीज’ म्हणजे उत्कृष्ट वस्तु, या बोलीप्रयोगाचें मूळ फारसी-हिंदुस्थानी ‘चीज’ शब्दांत दाखवलें आहे. दुधाच्या चीजशीं त्याचा संबंध नाहीं. ‘कष्टांचें चीज झालें’ असें म्हणणारा मराठी मनुष्य हाच शब्द वापरीत असतो.

या सर्वांत महाराष्ट्राला सर्वांत जवळचा वाक्प्रचार म्हणजे ‘गोइंग डुलाली’, अर्थात् डोकें फिरणें, भ्रमिष्टासारखें वागणें. हें ‘डुलाली’ म्हणजे नाशिकजवळची देवळाली होय. १८६१ च्या सुमारास तेथें ब्रिटिश लष्कराची छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशीं धाडण्यापूर्वीं तेथें आणून ठेवीत. सैनिक नेणाऱ्या बोटी थंडीच्या मोसमांतच सुटत. त्यामुळें मोसम संपल्यावर आलेल्या सोल्जराला महिनोन्महिने खोळंबून रहावें लागे. कवाईत नाहीं, काम नाहीं. वर उन्हाळा, जोडीला दारू आणि हिंवताप, आणि मनाला घराची ओढ. अशा स्थितींत कित्येकांचें चित्त ठिकाणावर रहात नसे. त्यांना ‘डुलाली टॅप’ झाला असें सोबती म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सोल्जरानें १९३६ सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत देवळालीच्या या दिवसांचें वर्णन केलें आहे. पुढें ‘टॅप’ गळून पडला, ‘डुलाली’ राहिली. आज देवळालीस भारतीय सेनेचें तोफखाना-विद्यालय आहे. तो खोळंबा आणि तो ताप केव्हांच इतिहासजमा झाले. इंग्लंडांत मात्र किल्ली हरवल्यामुळें घरभर धांवणाऱ्या आजीला नातवंडें ‘डुलाली’ म्हणून चिडवतात. नाशिक जिल्ह्याचें एक नांव आपल्या तोंडीं आहे, आणि त्याच्या मागें घरीं जाण्यासाठीं तळमळणाऱ्या सामान्य शिपायांचें दुःख आहे, याची त्यांना कल्पना नसते.

मग शिकणाऱ्यानें करावें तरी काय? वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्याचा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी. यादींत शब्द असतो, अर्थ असतो. बोलणारा नसतो, प्रसंग नसतो. त्यापेक्षां एखादा वाक्प्रचार जेथें भेटेल तेथें तो सबंध वाक्यासह टिपून ठेवावा. कोणीं, कोणाला, हंसत म्हटलें कीं रागानें, हेंहि शेजारीं लिहावें. तोच प्रयोग निरनिराळ्या तोंडून तीन-चार वेळां ऐकल्यावर मग स्वतः वापरून पहावा, आणि तोहि प्रथम बरोबरीच्या मित्रांत. अर्ज, अहवाल, सांत्वनपत्र, वैद्याला सांगावयाचीं लक्षणें, न्यायालयांतील जबानी, अशा ठिकाणीं साध्या शब्दांचीच कांस धरावी. कारण तेथें चुकीच्या अर्थाची किंमत मोठी असते. शिवाय मीठ चवीपुरतें घालावें, हा स्वयंपाकाचा नियम येथेंहि लागू आहे. एका वाक्यांत तीन वाक्प्रचार कोंबणाऱ्याची भाषा इंग्रजी वाटत नाहीं, इंग्रजीचें सोंग वाटते.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, न कळलेलें विचारून घ्यावें. सुशिक्षित माणसाला याची फार लाज वाटते. इतकीं वर्षें इंग्रजी शिकून एवढें साधें वाक्य कळूं नये, हें कबूल करणें त्याला जड जातें. मग तो मान डोलावतो, ओठांवर स्मित आणतो आणि वेळ मारून नेतो. परंतु कोरियाच्या त्या डोंगराखालीं अनुभवी सेनापतीलाहि आपल्याच भाषेंतील दोन शब्द कळले नाहींत, आणि कळले नाहींत हेंच त्याला कळलें नाहीं. ‘म्हणजे नेमकें काय?’ एवढा प्रश्न विचारावयास त्या वेळीं क्षणभरहि लागला नसता. घरांत, कचेरींत, परदेशांत, जेथें कोठें शब्द ओळखीचे आणि आशय अनोळखी वाटेल, तेथें हा प्रश्न निःसंकोच विचारावा. त्यानें कोणाची विद्वत्ता कमी होत नाहीं.